ॲमॅरिलिस : फुलानंतरची निगा

एखादे फुलझाड विकत आणून ते एकदा फुललेले पाहणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. तेच झाड दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी आणि त्यानंतरही आपल्या अंगणात फुलवावयाचे असेल, तर मात्र त्याचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. ॲमॅरिलिसच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो. गोव्यात कितीतरी घरांच्या पायऱ्यांवर, तुळशीवृंदावनाच्या आसपास, बाल्कांवाच्या कठड्यावर या झाडाच्या कुंड्या दिसतात. चैत्र-वैशाखात एखाद्या कुंडीतून हातभर उंचीचा जाड दांडा वर येतो आणि त्याच्या माथ्यावर कर्ण्याच्या आकाराची दोन-चार फुले निरनिराळ्या दिशांना तोंडे करून उमलतात. कोणाची तांबडी, कोणाची शेंदरी, कोणाची गुलाबी, तर कोणाची पांढऱ्यावर तांबड्या रेघा ओढलेली. शेजारच्या कुंडीत मात्र नुसती पाने! ‘झाड जिवंत आहे, पाने हिरवी आहेत, मग ते फुलत का नाही?’ हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, तसाच त्यांच्या घरची वडीलधारी माणसेही विचारतात. त्याचे उत्तर देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या झाडाच्या नावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ‘ॲमॅरिलिस’ हे नाव प्राचीन रोमन कवी व्हर्जिल याच्या गोपगीतांतील एका मेंढपाळ युवतीचे आहे. ज्या ग्रीक धातूपासून हा शब्द बनला, त्याचा अर्थ ‘चमकणे’ असा आहे. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस याने १७५३ साली आपल्या ग्रंथात हे नाव वनस्पतींच्या एका गटास दिले. पुढे असे आढळून आले की, त्या गटात दोन निराळ्या खंडांतील वनस्पती एकत्र आल्या आहेत. एक आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडची, तर दुसरी दक्षिण अमेरिकेतील. १८२१ साली विल्यम हर्बर्ट या इंग्रज अभ्यासकाने अमेरिकेतील वनस्पतींचा गट वेगळा काढून त्यास ‘हिपिॲस्ट्रम’, म्हणजे ‘स्वाराचा तारा’, असे नाव दिले. तरी नावाचा वाद दीर्घकाळ चाललाच. अखेर १९८७ साली बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ॲमॅरिलिस हे शास्त्रीय नाव दक्षिण आफ्रिकेच्या झाडासाठी कायम करण्यात आले. आपल्या कुंडीत फुलते ते शास्त्राच्या दृष्टीने हिपिॲस्ट्रमच होय. व्यवहारात मात्र जगभर त्याला ॲमॅरिलिसच म्हणतात. फुलाचा दांडा आडवा कापला असता तो नळीसारखा पोकळ दिसतो. आफ्रिकेतील ॲमॅरिलिसचा दांडा भरीव असतो. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

ही माहिती केवळ पांडित्यासाठी दिलेली नाही. झाडाचे मूळ घर कळले की त्याच्या गरजाही कळतात. हिपिॲस्ट्रमच्या रानटी जाती मुख्यतः पूर्व ब्राझीलमध्ये, तसेच पेरू, बोलिव्हिया व आर्जेंटिना या देशांच्या डोंगराळ भागांत आढळतात. ज्या खंडातून काजू आणि अननस आपल्याकडे आले, त्याच खंडातील ही वनस्पती. तेथे तिच्या अनेक जाती पावसाळ्यात पाने वाढवितात व कोरड्या ऋतूत विश्रांती घेतात. म्हणजे पाऊस आणि उन्हाळा यांचा फेरा तिला नवा नाही. बागांतून दिसणाऱ्या मोठ्या फुलांच्या जाती मात्र मनुष्याने संकर करून निर्माण केल्या आहेत. यांतील पहिला नोंदलेला संकर १७९९ साली इंग्लंडमधील आर्थर जॉन्सन याने केला, आणि हा गृहस्थ व्यवसायाने घड्याळजी होता! त्यानंतर हॉलंडमधील बागाइतदारांनी हे काम फार पुढे नेले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर जमिनीवर शोधून सापडणार नाही. ते कंदात दडलेले आहे. घरातील एक कांदा घ्या आणि तो उभा चिरून पाहा. मराठीतील ‘कांदा’ आणि कोंकणीतील ‘कांदो’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘कंद’ या शब्दापासूनच आलेले आहेत. आणि ॲमॅरिलिसचा कंद हा कांद्याचा नात्यानेही जवळचा आहे. वनस्पतींच्या अलीकडच्या वर्गीकरणात, २००९ सालापासून, कांदा व लसूण यांचा समावेश ॲमॅरिलिसच्याच कुलात करण्यात आला आहे. आपल्या अंगणातील सुदर्शन आणि नागदवणा हीदेखील याच कुलातील मंडळी. चिरलेल्या कांद्यात तळाशी एक कठीण चकती दिसते. तिच्या खालून मुळे फुटतात व वरून एकात एक बसलेले मांसल पापुद्रे निघतात. हे पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुडखेच होत. पानांनी सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न येथे साठविले जाते. कंद म्हणजे झाडाची कणगी, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

ॲमॅरिलिसच्या कंदात या पापुद्र्यांच्या मधोमध आणखी एक गोष्ट चाललेली असते. कंदाच्या आत साधारणतः दर चार पानांमागे एक फुलदांडा, अगदी सूक्ष्म अवस्थेत, तयार होत असतो. तो बाहेर येण्यास मात्र एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे या चैत्रात जे फूल आपण पाहतो, त्याची कळी गेल्या वर्षीच, कदाचित त्याच्याही आधी, कंदाच्या पोटात धरलेली असते. मधल्या सर्व काळात पानांनी कंदात पुरेशी शिदोरी भरली, तर ती कळी वाढते व योग्य वेळी वर येते. शिदोरी अपुरी पडली तर झाड आपला जीव राखते, आणि कळी आतल्या आत सुकून कागदासारखी होते. न फुलणाऱ्या झाडाचे रहस्य बहुधा हेच असते. कळी धरली नव्हती असे नाही. तिला पोसण्याइतके अन्न नव्हते. म्हणून ॲमॅरिलिसची खरी निगा फूल येण्यापूर्वी नव्हे, तर फूल गळून पडल्यानंतर घ्यावयाची असते.

दुर्दैवाने आपला व्यवहार नेमका याच्या उलट असतो. दांडा वर आला की घरातील सर्वजण कुंडीला पाणी घालण्यास धावतात. फुले सुकली की तीच कुंडी मागीलदारी, भिंतीच्या सावलीत जाऊन पडते. काहीजण तर लोंबणारी पाने वाईट दिसतात म्हणून ती कापून टाकतात किंवा त्यांची गाठ मारून ठेवतात. पान कापणे म्हणजे पुढील वर्षाच्या फुलाचे अन्न तोडणे होय. पाश्चात्त्य देशांत नाताळच्या सुमारास हे कंद भेट म्हणून देतात, आणि अनेक घरी फुले संपताच कंद कचऱ्यात टाकून दिला जातो. जो कंद नीट सांभाळला तर वर्षानुवर्षे फुलू शकतो, तो असा एका बहरातच संपावा, ही खेदाची गोष्ट आहे.

फूल सुकल्यानंतर काय करावे, ते आता क्रमाने पाहू. सुकलेली फुले, त्यांच्या मागील हिरव्या फुगीर भागासह, खुडून टाकावीत. तो भाग म्हणजे बीजकोश. बी हवे नसेल तर त्याला पोसण्यात झाडाची शक्ती खर्च होऊ देऊ नये. दांडा मात्र लगेच कापू नये. तो हिरवा असेपर्यंत तोही पानांप्रमाणेच अन्न तयार करतो. पिवळा पडून मऊ झाल्यावर तो कंदापासून दोन बोटे वर कापावा. यानंतर कुंडी अशा जागी ठेवावी की तेथे सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल आणि वैशाखाच्या भर दुपारच्या उन्हापासून तिचे रक्षण होईल. घराची पूर्वेकडील बाजू यासाठी उत्तम.

कुंडी व माती यांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ॲमॅरिलिसला फार मोठी कुंडी मानवत नाही. मोठ्या कुंडीतील जादा माती ओलसर राहते व कंद कुजतो. कंदाच्या भोवती सर्व बाजूंनी दोन बोटे जागा राहील एवढीच कुंडी घ्यावी. ती मातीची असल्यास अधिक चांगले. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. दोन भाग आपली तांबडी माती, एक भाग जाडी वाळू व एक भाग पुरते कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. त्यात नारळाच्या सोडणाचा थोडा कुजलेला चुरा आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळल्यास उत्तम. कंद लावताना त्याचा वरचा एक-तृतीयांश भाग मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. कंद मानेपर्यंत पुरणे ही नेहमी होणारी चूक आहे. त्यामुळे पाणी मानेशी साचते. कंदाच्या जाड, पांढऱ्या मुळ्या कधीही छाटू नयेत. झाडाला वारंवार हलविलेले आवडत नाही. म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदाच, तेही विश्रांतीच्या काळात, माती बदलावी.

मृग नक्षत्र लागले की गोव्यात पावसाला सुरुवात होते. येथे वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. हा काळ ॲमॅरिलिसच्या दृष्टीने कसोटीचा असतो. पाने जोमाने वाढतात, पण ऊन कमी मिळते आणि मातीतील पाणी आटत नाही. कुंडी थेट जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहते. छपराच्या पागोळ्या जेथे पडतात तेथे तर ती मुळीच ठेवू नये. उजेड भरपूर, पण पावसाची धार नाही, अशी पडवीची कड तिला सर्वांत मानवते. जमिनीतच लावावयाचे असेल तर वीतभर उंच वाफा करून त्यावर लावावे.

याच दिवसांत एक शत्रू येतो. काळ्या अंगावर पांढरे व तांबूस-नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या एके दिवशी पानांवर दिसतात, आणि दोन-तीन दिवसांत पाने खाऊन कंदापर्यंत पोहोचतात. एका पतंगाच्या या अळ्या कळलावी, सुदर्शन व इतर लिलींवरही आढळतात. आठवड्यातून दोनदा पानांची मागील बाजू तपासावी. तेथे अंड्यांचा पुंजका दिसल्यास तो पुसून टाकावा आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. एवढ्या दक्षतेने बहुधा औषध फवारण्याचा प्रसंगच येत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा व ओल्या फडक्याने पुसून काढावा. पानांवर व दांड्यावर तांबडे लांबट डाग पडू लागल्यास तो बुरशीचा रोग होय. अशा वेळी डागाळलेला भाग कापून जाळावा, पाणी पानांवर न घालता कडेने मातीत घालावे आणि कुंड्यांमध्ये अंतर ठेवावे. एका झाडाला वापरलेला चाकू धुऊन पुसल्याशिवाय दुसऱ्याला लावू नये.

पावसाळा संपला की पुष्कळांना वाटते, झाडाचे काम झाले. वस्तुतः अन्नसाठ्याच्या दृष्टीने आश्विन-कार्तिकाचे दिवस फार मोलाचे. आकाश स्वच्छ झालेले असते, ऊन पुन्हा मिळू लागते आणि पानेही पूर्ण वाढलेली असतात. या दोन महिन्यांत माती वरून सुकली की पाणी द्यावे. पंधरा दिवसांतून एकदा, शेंगदाण्याची पेंड पाण्यात आठवडाभर कुजवून, ते पाणी दहापट पातळ करून घालावे. महिन्यातून एकदा चिमूटभर लाकडाची राख मातीत मिसळावी. नुसते नत्रयुक्त खत अधिक घातल्यास पाने लांबच लांब वाढतात, पण कंद मऊ राहतो. निरोगी, रुंद अशी आठ-दहा पाने असलेला कंद पुढील वर्षी दोन दांडेही देऊ शकतो. मोठ्या फुलांच्या संकरित जातींत कंदाचा परीघ वीस सेंटिमीटरांच्या आसपास भरेपर्यंत फुलाची फारशी आशा धरू नये.

मार्गशीर्ष लागला की हळूहळू पाणी तोडावे व नंतर पूर्ण बंद करावे. पाने आपोआप पिवळी पडून सुकतील; ती सुकल्यावरच काढावीत. कुंडी कोरड्या, हवेशीर व सावलीच्या जागी आठ ते दहा आठवडे तशीच राहू द्यावी. थंड प्रदेशांत हे काम थंडी करते. गोव्यासारख्या उबदार हवेत ते कोरडेपणाकडून करून घ्यावे लागते. ज्यांचे आप्त इंदूर किंवा ग्वाल्हेर येथे आहेत, त्यांनी त्यांना एवढे कळवावे की, तिकडील कडाक्याच्या थंडीत रात्री कुंडी घराच्या आत घ्यावी. दहिवराने गोठलेला कंद वाचत नाही. विश्रांतीच्या या काळात काही कंदांची पाने सुकत नाहीत. त्यात काळजीचे कारण नाही. पाणी कमी ठेवले म्हणजे झाले.

माघ संपता संपता कुंडीतील वरची बोटभर माती काढून तेथे नवे खत-माती भरावी, एकदा भरपूर पाणी द्यावे आणि कुंडी उजेडात आणावी. कंदाच्या मानेतून हिरवे टोक वर दिसेपर्यंत पुन्हा पाणी बेतानेच द्यावे. टोक चपटे व बोथट असेल तर तो फुलदांडा. पातळ असेल तर पान. दांडा दिसू लागल्यावर पाणी वाढवावे आणि कुंडी दोन-तीन दिवसांनी थोडी फिरवावी, नाहीतर दांडा उजेडाकडे झुकतो. यानंतर साधारणतः चार ते आठ आठवड्यांत फुले उमलतात. फुले उमलल्यावर कुंडी सावलीत घेतली तर ती अधिक दिवस टिकतात.

एका कंदापासून अनेक झाडे कशी करावीत, हेही जिज्ञासूंनी जाणावे. कंदाच्या बाजूला पिल्ले फुटतात. त्यांना स्वतःची मुळे आली की माती बदलताना ती हाताने हलकेच वेगळी करून लहान कुंडीत लावावीत. दोन-तीन वर्षांत ती फुलतात व त्यांची फुले मूळ झाडासारखीच असतात. बियांपासून केलेल्या झाडांत मात्र फुलाचा रंग कसा येईल ते सांगता येत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलातील तीन फाट्यांच्या कुक्षीवर बोटाने लावला, तर महिना-दीड महिन्यात तीन कप्प्यांची बोंडे पिकून फुटतात व आत काळ्या, चपट्या, कागदासारख्या बिया मिळतात. ताज्या असतानाच त्या पेराव्यात. फुलासाठी तीन-चार वर्षे वाट पाहण्याची तयारी मात्र हवी.

एक महत्त्वाची सूचना. हा कंद कांद्यासारखा दिसतो व त्याच्याच कुलातील आहे. पण तो खाण्याजोगा मुळीच नाही. त्यात लायकोरीन नावाचे विषारी द्रव्य असते. तो पोटात गेल्यास मळमळ, वांत्या व पोटदुखी होते. कुत्री, मांजरे व गुरे यांनाही तो बाधतो. माती बदलण्यासाठी काढलेले कंद स्वयंपाकघरात किंवा कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत, लहान भावंडांच्या हाती देऊ नयेत आणि काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत. चुकून कोणाच्या पोटात गेलाच, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

आता शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक लहानसा प्रयोग. या लेखातील म्हणणे केवळ शिक्षकाने सांगितले म्हणून खरे मानू नका. घरी किंवा शेजारी ॲमॅरिलिसच्या तीन-चार कुंड्या असतील तर प्रत्येकीला क्रमांक द्या. जूनच्या आरंभी व नोव्हेंबरच्या अखेरीस प्रत्येक कंदाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि हिरव्या पानांची संख्या वहीत लिहून ठेवा. कोणत्या कुंडीला किती ऊन मिळाले, खत केव्हा घातले, अळ्यांनी किती पाने खाल्ली, हेही लिहा. नंतर चैत्र-वैशाखात कोणत्या कुंडीत किती दांडे आले, ते त्याच्यापुढे मांडा. ज्या कंदाचा परीघ वाढला, त्याने फुले दिली की नाही, हे तुमची वहीच तुम्हांला सांगेल. फुलांचे कौतुक करणारे पुष्कळ असतात. पावसाळ्यात पाने मोजणारा एखादाच असतो. पुढील वर्षीची फुले बहुधा त्याच्याच अंगणात दिसतात.